करंटची गाडी आणि मारुतीचा पार

चैत्र निम्मा सरला की आमच्याकडं ऊन अंगावर येतं. सकाळी नऊ वाजताच पत्रा कडकड वाजायला लागतो, कुत्री रांजणाखालच्या ओलीत पोट टेकून पडतात, आणि कडुलिंबाचा फुलोरा गळून अंगणभर पसरतो. कितीही झाडलं तरी तासाभरात पुन्हा तेवढाच. त्याचा तो गोड-कडू वास नाकात गेला की माझं घरात बूड टिकत नाही. आजही नाही.

परवा लेकीनं हैदराबादहून फोटो पाठवला. पाठोपाठ फोन. "आई, बघितलीस का? ई-बाईक घेतली. आवाज न्हाई, पेट्रोल न्हाई. आत्ताच नवीन निघालंय."

म्हटलं, "नवीन? अगं बाई, तू सहा वर्षांची असताना असल्याच गाडीच्या पुढच्या फळीवर उभी राहून मांजरा नदीपर्यंत गेलीस की! ती काय बैलगाडी होती?"

तिला काही आठवत नाही. लेकरांना नेमकं नको तेवढं आठवतं आणि पाहिजे ते नाही. मला मात्र तो अख्खा उन्हाळा आठवतो. पंधराएक वर्षं झाली असतील. गावात मोबाईल घरोघर पोचले होते, पण वीज मात्र पाहुण्यासारखी यायची, बसायची, चहा व्हायच्या आत निघून जायची. अशा गावात रत्नानं बिदरहून बॅटरीची स्कूटर आणली. वीज नसलेल्या गावात विजेवरची गाडी. लोक हसले नसते तरच नवल.

रत्ना म्हणजे रत्नमाला, गावचीच लेक, भीमनगरातली. आठ किलोमीटरवरच्या शाळेत मराठीची मास्तरीण. लग्न केलं नव्हतं, आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "नवरा पसंत पडंना, गाडी पडली, घेतली." मी त्याच गावची सून. आमचे मालक पुण्याला कारखान्यात, दिवाळीला आणि पंचमीला घरी. घरात सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, लेक, दोन शेळ्या आणि मी. रत्नाची आणि माझी गट्टी बचत गटाच्या बैठकीत जमली. दोघींनाही बैठकीत झोप यायची, एवढंच कारण.

गाडी गाजराच्या रंगाची होती. चाकं बारकी. पंचवीसच्या वर पळायचीच नाही, म्हणून तिला लायसन नको, नंबर नको. गावानं तिचं नाव 'करंटची गाडी' ठेवलं. म्हाताऱ्या लांबूनच विचारायच्या, "बसल्यावर झटका बसत न्हाई का गं?" एकीनं तर काठीनं टोचून बघितली. चार्जिंगची पंचाईत होती. ती गिरणीवाल्या मौलाचाचानं सोडवली. शेतातल्या मोटारींसाठीची थ्री फेज वीज आली की गिरणी सुरू व्हायची, आणि गिरणीच्या कोपऱ्यात ज्वारीच्या पाट्यांशेजारी आमची गाडी तोंडात वायर धरून उभी. चाचा म्हणायचे, "जाव माँ, घुमके आव. गाडी का पेट भर गया."

घुमके आव! असं गावात आम्हांला दुसरं कुणीच म्हटलं नाही.

आमच्याकडं बाई घराबाहेर पडली की तिला कामाचा दाखला लागतो. पाण्याला निघाली, शेताला निघाली, दळणाला, दवाखान्याला, मयतीला. मयतीलासुद्धा चालतं बघा! मयतीला दहा कोस गेली तर कुणी अडवत नाही. पण "उगं फिरायला" म्हटलं की समोरच्याच्या कपाळाला आठ्या. पहिले आठ दिवस मी पण कामं शोधली. शेवया करून आणायला जाते. पापडखार आणते. आत्यांच्या गुडघ्याचं तेल आणते. त्या उन्हाळ्यात आत्यांकडं गुडघे दोन आणि तेलाच्या बाटल्या सहा झाल्या.

मग एक दिवस वेशीत नागप्पा अण्णांनी हटकलं. नागप्पा अण्णा म्हणजे पारावरचं कायमचं माणूस. सावली सरकेल तसे तेही सरकायचे.

"कुठं जायलाव गं दोघी?"

मी तेलाची बाटली काढायच्या बेतात होते. रत्ना म्हणाली, "फिरायला."

"फिरायला म्हंजे? काम काय हाय?"

"काम काय न्हाई अण्णा. उगं फिरायला जायलाव."

अण्णांच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली. मला मागं बसल्या बसल्या आधी भीती वाटली आणि मग अशी काही मोकळीक वाटली की काय सांगू. इतकं सोपं होतं? एवढं एक वाक्य ऐकायला मला बत्तीस वर्षं लागली होती. त्या दिवसापासून मी तेलाची बाटली घरीच ठेवली.

कुठं जायचो? सांगितलं तर हसाल. रेल्वेच्या फाटकाला जायचो आणि गाडी जाईपर्यंत थांबायचो. काळ्या रानातून जायचो, तिथं भुईला अशा भेगा की चप्पल आत गेली तर काठीनं काढावी लागायची. मग चढ लागायचा आणि चढावर माती एकदम लाल व्हायची. काळं कुठं संपलं आणि लाल कुठं सुरू झालं ती जागा शोधायचा आम्हांला नाद लागला होता. रोज वाटायचं आज सापडेल. रोज आपण आधी काळ्यात असायचो आणि मग लालात असायचो, मधलं काही हाती लागायचं नाही. दोघींचं वजन घेऊन त्या चढाला गाडी रडायला लागायची. मग मी उतरून शेजारून चालायची. त्याची मला कधी लाज वाटली नाही. चढ खरा असतो.

मांजरेच्या वाळूत टरबुजाचे वेल असायचे. राखणीची बाई ओळखीची झाली होती. टरबूज दगडावर आपटून फोडायचं, कोपरापर्यंत रस गाळत खायचं, बिया लांब कोण थुंकतंय ते बघायचं. तिशी ओलांडलेल्या दोन बाया, एक मास्तरीण आणि एक लेकुरवाळी. पाणी घोट्याएवढं. त्यात पाय सोडले की बारके मासे बोटांना लुचायचे. रत्ना धपाटे आणायची, मी शेंगाची चटणी. सुरुवातीला तिनं डबा माझ्यापुढं जरा अंतरावर ठेवला होता, ते मला लागलं. मी डबा ओढून घेतला आणि चारातले तीन धपाटे खाल्ले. ती म्हणाली, "अगं सुमे, समता पाहिजे, पण एवढी?" पुन्हा कधी तिनं डबा लांब ठेवला नाही.

परतताना मात्र आमचं तोंड बंद व्हायचं, कारण पार यायचा.

गावात शिरायला नीट रस्ता एकच, आणि तो मारुतीच्या देवळापुढून. देवळापुढं पिंपळ, पिंपळाला पार, पारावर माणसं. रीत अशी की बाईनं पारापुढून बसून जायचं नाही. नवऱ्याच्या मोटरसायकलवर असली तरी अलीकडं उतरायचं, डोक्यावर पदर घेऊन खाली मान घालून चाळीस पावलं चालायचं, आणि पलीकडं पुन्हा बसायचं. नवरा मात्र बसूनच जाणार, पलीकडं गाडी घुरघुरवत थांबणार. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नाही. म्हणूनच ती खोडता येत नव्हती.

रत्नासाठी तीच रीत दुसऱ्या कारणानं होती. तिच्या आज्ज्याला पारापुढून वहाणा काखेत मारून जावं लागायचं. तो काळ गेला म्हणतात. तरी भीमनगरातलं माणूस पारापुढून सायकलवर बसून गेलं की पारावरचं बोलणं थांबायचं, आणि ते थांबलेलं ऐकू यायचं. म्हणजे मी सून म्हणून उतरायचं आणि ती तिकडची म्हणून. गाडी एक, जागा एक, उतरायची कारणं दोन.

रत्ना पहिल्या दिवसापासून उतरली नाही. सरळ बसून, हळू, समोर बघत जायची. गाडीला आवाज नसल्यामुळं ती निम्मं गेल्यावर लोकांना कळायचं. मी मात्र उतरायची. महिनाभर उतरले. पदर घेऊन तिच्या मागून चालत जायची आणि पलीकडं पुन्हा बसायची. एकदा मीच म्हटलं, "मागच्या नाल्यानं जाऊ की. म्हंजे उतरायचाबी प्रश्न न्हाई."

तिनं गाडी थांबवली. "चोरून जायचं आसंल तर तू तुझ्या पायानं जा. माझी गाडी नाल्यात घालायची न्हाई."

"तुला काय गं, तुला सासू न्हाई, नवरा न्हाई."

"मला पार हाय," ती म्हणाली. "तुझ्या आधीपासून हाय."

चार दिवस आम्ही बोललो नाही. ते चार दिवस मला घर खायला उठलं. पाचव्या दिवशी मी गिरणीत जाऊन गाडीशेजारी बसून राहिले, ती आली, आणि दोघींनी मिळून वायर काढली.

आत्यांना सगळं माहीत होतं. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागचं. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हा घर असं नव्हतंच. घोड्यावर बिऱ्हाड, उन्हाळ्यात या शेतात चार दिवस मेंढरं बसवायची, त्या शेतात चार दिवस, कधी औरादच्या पलीकडं तेलंगणात. मग मेंढरं गेली, चार एकर आलं, भिंती आल्या, आणि भिंती आल्यावर बाया आत बसल्या. मी एकदा चिडून म्हटलं, "आत्या, तुमी तर सगळा मुलूख पायाखाली घातलाव. तुमाला कुणी इचारलं का, कामून हिंडता म्हून?"

त्या ज्वारी निवडत होत्या. म्हणाल्या, "आमी पोटासाठी हिंडलाव बाई. हौसंला न्हाई."

त्याचं उत्तर मला आता सुचतं. पोटासाठी हिंडलेलं चालतं, घामानं हिंडलेलं चालतं, रडत हिंडलेलं तर फारच चालतं. हसत हिंडलेलं चालत नाही. रस्ता तोच, पाय तेच, ऊन तेच. मग लोकांना नेमकं काय टोचतं? चालणं नव्हे. हसणं टोचतं. आणि मला खोटं कशाला बोलायचं, आत्यांनासुद्धा ते टोचत होतं. पण त्या बोलता बोलता थांबून म्हणाल्या, "नदीकाठाला जांभळाचं बन व्हतं, तिथं मात्र मी मुद्दाम मेंढरं रेंगाळू द्यायची." आणि पुन्हा ज्वारीत मान घातली.

वैशाखात रत्नानं मला गाडी शिकवली. आटलेल्या तळ्यात. तळ सपाट, पडलं तरी चिखल वाळलेला. मी तीनदा पडले, एकदा लेकीसकट. चौथ्या दिवशी हँडल माझ्या हातात आलं आणि मी तळ्याला अकरा फेऱ्या मारल्या. रत्ना काठावरून ओरडत होती, "पुरे गं बया, चार्ज संपंल!" मला ऐकू येत होतं. मी थांबले नाही.

मग एक दिवस मीच म्हटलं, आज मी चालवते आणि मी उतरत नाही. शाळा सुरू व्हायला थोडे दिवस राहिले होते. रत्नाची सुट्टी संपली की फिरणंही संपणार होतं, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत माझी हिंमत टिकेल याची मला खात्री नव्हती. आत्ता नाही तर मी जन्मभर उतरत राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. रत्ना म्हणाली, "बघ हां. तुझं घर हाय." मी म्हटलं, "बस तू."

दुपारचे बारा. पारावर सात-आठ माणसं. अलीकडची नेहमीची उतरायची जागा आली आणि गेली. गाडीला आवाज नाही, कुणी बघेना. आपण एवढी मोठी गोष्ट करतोय आणि कुणी बघत नाही म्हणजे काय! मी हॉर्न दाबला. लांबलचक दाबला. सगळ्यांनी माना वळवल्या.

आणि बरोब्बर पिंपळासमोर गाडी बसली. चार्ज खलास. सकाळी वीज आलीच नव्हती आणि आम्ही मांजरेला जाऊन आलो होतो. कर्म माझं!

पुढची वीस पावलं चढाची. गाडी ढकलायची तर उतरावं लागणार. उतरलं की झालं, मग कुणी म्हणणार नाही की चार्ज संपला होता. सगळे म्हणणार, उतरली.

मागून रत्ना कानात म्हणाली, "सुमे, उतरू नको."

"न्हाई उतरत."

बसून राहिलो. दोन्हीकडं पाय टेकवून, भर उन्हात, दोघी. पारावर आधी हशा पिकला, मग तो विरला. नागप्पा अण्णा म्हणाले, "आगं, बंद पडली तर उतरा की. ढकलत न्हेवा."

"उतरायचं न्हाई अण्णा," मी म्हटलं.

"मारुतीला चालत न्हाई बाई आसलं."

तोंडातून निघूनच गेलं, "मारुती ब्रह्मचारी हाय अण्णा. त्याचं आमच्याकडं ध्यानच न्हाई. तुमचंच हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग रत्नानं मागून जमिनीला पायानं रेटा दिला. मी पण दिला. गाडी वीतभर सरकली. पुन्हा रेटा, पुन्हा वीतभर. साड्या सावरत, चप्पल घसरत, बसल्या जागेवरून पायांनी ढकलत आम्ही ती गाडी वर चढवली. किती वेळ लागला देव जाणे. पोटऱ्या पेटल्या होत्या. ब्लाउज पाठीला चिकटला होता. कुणी मदतीला आलं नाही आणि कुणी आडवंही आलं नाही. वळणापलीकडं गेल्यावर आम्ही गाडीवर बसूनच हसलो, आणि हसता हसता रत्ना रडायला लागली. म्हणाली, "आज्ज्याला सांगायला पाहिजे होतं गं." मी तिला घट्ट धरलं.

आता पोरी स्कुटी घेऊन त्याच पारापुढून भुर्रकन जातात. इथं उतरायचं असायचं हेच त्यांना ठाऊक नाही. पाराला फरशी बसवली, वर पत्रा टाकला. लोक म्हणतात, काळ बदलला. मला या वाक्याचा भारी राग येतो. काळानं काय केलं? त्या दुपारी उन्हात गाडीवर काळ बसला नव्हता. आम्ही दोघी बसलो होतो.

त्याच दिवशी संध्याकाळी पुण्याहून मालकांचा फोन आला. आमच्या गावची तीस-चाळीस माणसं पुण्यात एकाच आळीत राहायची. बातमी आमच्या मागच्या गल्लीत पोचायच्या आत पुण्याला पोचायची. गावातून माणसं उठून गेली, पण पार बरोबर घेऊन गेली.

"बसून गेलीस म्हणं?"

"व्हय."

"गाडी चालवायला लागलीस म्हणं?"

"व्हय."

मग म्हणाले, "शनवारी यायलोय. काय त्यो निकाल लावू." निकाल म्हणजे काय ते मला कळत होतं. गाडी बंद, रत्ना बंद. नाहीतर माहेर. रत्ना म्हणाली, "मी येऊ का बोलायला?" मी नको म्हटलं.

शनिवारी बारा वाजता फोन वाजला. मालक कमलनगरच्या स्टँडवर उतरून बसले होते. लग्नसराई, सगळ्या जीपा वऱ्हाडं घेऊन गेलेल्या. नऊ किलोमीटर, बाहेर वणवा, हातात बॅग. आत्यांनी फोन ऐकला, दारात गेल्या, उन्हाकडं बघितलं, आत आल्या. म्हणाल्या, "लेकरू उन्हात बसलंय माझं. जा की, तुझी ती करंटची घेऊन. आन त्याला."

रत्नाकडून किल्ली घेतली. चार्ज भरलेला आहे का ते तीनदा बघितलं.

स्टँडवर मला बघून ते उभे राहिले आणि पुन्हा बसले. मग आजूबाजूला बघितलं आणि मागं बसले. हात कुठं धरावा त्यांना कळेना, शेवटी बॅगच पोटाशी धरली. मग मागून आलं, "हळू."

"हिला ह्याच्याहून हळू जाता येत न्हाई."

काळं रान सरलं, लाल माती लागली. "हे बंद कर," ते म्हणाले.

"कामून?"

"लोकं हसायलेत."

"कुठले?"

"पुण्याचे."

"पुण्यात बाया गाड्या चालवत न्हाईत का?"

"त्या पुण्याच्या."

"मग मी कुठली?" मी विचारलं. चढ लागला, गाडी दमली. मी म्हटलं, "चढ हाय, जरा उतरता का?" ते उतरले, शेजारून चालले, वर आल्यावर बसले. बसताना पहिल्यांदा माझ्या खांद्याचा आधार घेतला. वारा गरम होता, पण वारा होता. "टरबुजं यंदा बरी दिसायलीत," असंही काहीतरी म्हणाले. मला वाटलं, निकाल कदाचित लागणार नाही.

मग वेस आली. लांबून पिंपळ दिसला, पारावरची माणसं दिसली. मी हँडल सोडलं नाही, ब्रेकला बोट लावलं नाही. माझ्या मनानं पक्कं केलं होतं, मागून काही ऐकू आलं तरी मी उतरणार नाही, मग माहेरी जावं लागलं तरी बेहत्तर.

माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकली.

"थांब जरा."

"मी उतरत न्हाई," मी म्हटलं.

"तू नको उतरू." आवाज अगदी बारीक होता. "मी उतरतो. बायकोच्या मागं बसून कसं जाऊ पारापुढून?"

मी थांबवली. ते उतरले, बॅग खांद्याला लावली, टोपी नीट केली आणि खाली मान घालून चालायला लागले. मी त्यांच्या शेजारून, बसून, ताठ, चाळीस पावलांची ती जागा ओलांडली. पलीकडं थांबले नाही. तशीच घरी आले.

आत्या दारातच उभ्या होत्या, हातात पाण्याचा तांब्या. गाडी बघितली, माझ्या मागं बघितलं.

"एकलीच? त्यो कुठाय?"

"येतायत," मी म्हटलं. "चालत."